माझा पहिला उपदेश आणि पप्पांचा प्रश्न

"पुढच्या रविवारचा उपदेश तू करायचास," आमच्या चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

उपासना नुकतीच संपली होती. सतरंज्या गुंडाळणं चालू होतं.

"मी? मी शाळेत गणित शिकवते. मला कुठलं उपदेशाचं येतंय?"

"मला तरी कुठं येतंय? इतकी वर्षं झाली, अजून दर शनिवारी लिहिलेलं फाडून परत लिहितेच की."

घरी जाताना मी स्कूटरवर हेल्मेटच्या आत मोठ्यानं गीत गात होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "काय ताई, लॉटरी लागली काय?" मी म्हणाले, "व्हय!" आणि सिग्नल सुटला.

ही लॉटरी का वाटली, ते सांगायला थोडं मागं जायला हवं.

आमचं घर कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचं, आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती. पप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि गावातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीत होते. माझा घटस्फोट झाला तेव्हा कमिटी बसली. मी नवऱ्याचं घर का सोडलं, हे कुणी विचारलं नाही. सोडलं, एवढंच लिहून घेतलं. ठराव झाला की हिला प्रभुभोजन देऊ नये. प्रभुभोजन म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. सगळ्या पंचांनी हात वर केले आणि त्यात पप्पांचाही होता. हे मला त्यांनीच घरी येऊन सांगितलं, पायातल्या चपला काढायच्या आधी.

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट फिरत माझ्यापर्यंत आलं की मी मान खाली घालून ते शेजारणीकडं सरकवायची. एक वर्ष सरकवलं. मग कोल्हापुरात नोकरी लागली, इथंच खोली घेतली आणि देवळात, म्हणजे चर्चला, जाणं बंद केलं. पप्पांशी फोनवर बोलायची, पण ते तब्येतीचं आणि पावसापाण्याचं.

सात वर्षं अशी गेली. एकदा ब्लाऊज शिवायला टाकला होता, तो आणायला गेले. दुकान चालवणारी आक्का तृतीयपंथी. उंच, खणखणीत आवाजाची, कानामागं कायम खडू खोचलेला. ती हूक लावत होती आणि मी नकळत एक जुनं गीत गुणगुणत होते. तिनं मान वर केली.

"ताई, तुम्ही आमच्यातल्याच व्हय?"

"कुणातल्या?"

"ख्रिस्ती हो! वर हॉल हाय न्हवं, तिथं आमची मंडळी भरती. रविवारी या की."

मी म्हणाले, "मला प्रभुभोजन चालत नाही."

आक्का हसली ती हसलीच. "मला बघताय न्हवं? मला चालतंय, आणि तुम्हाला न्हाय चालत?"

पुढच्या रविवारी मी तो जिना चढले. वर पंचवीस-तीस माणसं होती. एकत्र राहणाऱ्या दोन मुली एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्री कामगार पेटी वाजवत होता. त्याची बायको मुसलमान, नमाज तिचा तिनं सांभाळलेला, तीही लेकराला मांडीवर घेऊन गात होती. पाळकबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे घर आपलं नाही, देवाचं आहे. म्हणून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं काम आपल्याकडं नाही." प्रार्थनेत त्यांनी देवाला बाप म्हटलं आणि पुढच्याच ओळीत आई म्हटलं. उपदेश झाल्यावर चक्क विचारलं, "कुणाला शंका? कुणाला पटलं नाही?" एका आजोबांनी हात वर करून सांगितलं की त्यांना पटलं नाही, आणि कुणीही रागावलं नाही! मला वाटलं, हे काय चाललंय? असं असतंय होय देवळात?

मग भोजन आलं. पाव नाही, पातळ गोल वेफरही नाही. आक्कानं सकाळी थापलेली ज्वारीची भाकरी, फडक्यात गुंडाळलेली. सगळे गोल उभे राहिले. ताट माझ्यापुढं आलं आणि जुन्या सवयीनं मी ते शेजारी सरकवायला गेले. ताट धरून आक्काच उभी होती.

"घ्या की," ती म्हणाली, "गरम हाय अजून."

मी घेतली. रडू आलं आणि घासही गिळायचा होता, त्यामुळं मला जोरदार ठसका लागला. दहा जण पाणी घेऊन धावले.

तर अशा जागी आता मी उपदेश करणार होते.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हतेच. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता उपदेशाचं वाक्य सुचायचं. मी बायबलमधली गोष्ट निवडली ती पाठीतून वाकलेल्या बाईची. अठरा वर्षं जिला वर बघता आलं नाही, आणि प्रभूनं भर प्रार्थनागृहात हाक मारून जिला सरळ केलं. मधल्या सुट्टीत उर्दू शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी अख्खा उपदेश ऐकवला. तिनं डबा खात शांतपणे ऐकला.

"पहिली दोन पानं काढून टाक," ती म्हणाली. "तिथं तू घाबरून पुस्तकी बोलतीस. बाई आली की गोष्ट पळायला लागती. थेट तिथनंच चालू कर."

मी दोन पानं फाडली.

शनिवारी मी पप्पांना फोन केला. "पप्पा, उद्या मी उपदेश करणार हाय. येताय?"

पलीकडं रेडिओ बारीक झाला. मग म्हणाले, "बघू. बस मिळाली तर."

रविवारी उपासना सुरू होऊन दुसरं गीत चालू होतं तेव्हा जिन्याच्या तोंडाशी पांढरी टोपी दिसली. पप्पा! इस्त्रीचा सदरा घातलेले, धापा टाकत होते. आक्कानं पटकन खुर्ची दिली. ते तिच्याकडं बघत राहिले, मग मंडळीतल्या माणसाला म्हणतात तसं "सलाम" म्हणून बसले.

मी उभी राहिले. पहिली ओळ कागदात बघून वाचली, मग गोष्टीतली बाई प्रार्थनागृहात आली तशी माझ्या अंगात वाऱ्यासारखं काहीतरी शिरलं. मी म्हणाले, की अठरा वर्षं त्या बाईनं फक्त लोकांचे पाय बघितले. कोण कुठल्या चपला घालतो, ते तिला पाठ असणार. आणि प्रभूनं तिला आधी काहीही विचारलं नाही, तू काय केलंस, कुणाला सोडलंस, असलं काही नाही. आधी सरळ केलं. प्रार्थनागृहाचा अधिकारी मात्र चिडला, की आज शब्बाथ, विसाव्याचा दिवस, आज हे करायचं नाही. मी हात हलवत बोलत होते, वर्गात बोलते तशी, आणि समोरची माणसं पुढं सरकून ऐकत होती. देवा, काय मजा आली! संपवायचंच नव्हतं मला.

मग पाळकबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला शंका?"

पप्पांनी हात वर केला.

ते खुर्चीला धरून उभे राहिले.

"तो अधिकारी," ते म्हणाले, "चिडलेला. त्याचं पुढं काय झालं?"

मी कागद घडी करून ठेवला. मग खरं तेच सांगितलं. "लिहिलेलं न्हाय, पप्पा. मला ठाऊक न्हाय."

तेवढ्यात मागनं आक्काचा आवाज आला. "जेवायला थांबला असंल की!"

सगळे हसले. पप्पाही हसले, आधी ओठातल्या ओठात आणि मग खांदे हलवून. डोळे पुसायला त्यांनी टोपी काढली.

त्या दिवशी ताट माझ्या हातात होतं. मी गोलातनं फिरत पप्पांपुढं आले. त्यांचे दोन्ही हात एकावर एक ठेवलेले होते, पण पुढं येत नव्हते.

"मला चालंल का?" त्यांनी हळू विचारलं.

मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. नियमापेक्षा फार मोठा तुकडा होता तो. चावायला त्यांना चांगलाच वेळ लागला.

खाली दुकानात आक्कानं चहा केला. पप्पा म्हणाले, उपदेश चांगला झाला, पण गीतं फार पळवत म्हणता तुम्ही लोक. मग कपाकडं बघत म्हणाले, "त्या वेळी मी तुला विचारायला पायजे होतं."

"आता विचारा की," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सगळं, शिलाई मशीनच्या शेजारी बसून. आक्का मुद्दाम मोठ्यानं मशीन चालवत राहिली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाऊ नये. त्यांच्या दोन बसगाड्या चुकल्या.

पुढच्या महिन्यात पप्पांनी कमिटीत माझा ठराव रद्द करायची सूचना मांडली. ती पडली. त्यांनी तिथल्या तिथं राजीनामा दिला आणि मला फोन करून इतक्या उत्साहानं सांगितलं, की मला वाटलं सूचना पास झाली.