न उडालेले तीन तास

सुईताईला किळस म्हणून कशाचीच यायची नाही. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत तिची सतरा वर्षं गेली होती. लोकांची थुंकी, लोकांचा पू, बरण्यांतून लपवतछपवत आणलेलं आणखी काय काय, सगळं तिच्या हाताखालून जायचं, आणि हात स्वच्छ धुतले की ती निवांत डबा खायची. तिने टोचलेलं कळत नाही म्हणून पेशंटांनीच तिला सुईताई करून टाकलं होतं. तिला शिसारी यायची ती एकाच जातीच्या माणसाची. नमुना न तपासता रिपोर्टात आकडे ठोकून देणाऱ्याची.

तर ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी विमान चालवायला शिकायला निघाली. हसायचं तेवढे लोक हसून झाले. नवरा म्हणाला, "अगं, तुला स्कूटर मागे घेता येत नाही." सोळा वर्षांची लेक मात्र टाळ्या पिटत म्हणाली, "लायसन मिळालं की पहिली मी बसणार. बाबा नाही, मी!" सुईताईने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. पुढची दोन वर्षं जे काही सोसलं ते त्या शब्दापायी.

आणि सोसलं म्हणजे काय, विचारू नका. फ्लाइंग क्लब कसला, उकिरडा होता तो. विमानं ठेवायच्या हँगरमध्ये कबुतरांची घाण, सीटला कुणाच्या तरी घामाचा चिकटा. हेडफोनचा स्पंज असा काळा पडलेला की सतरा वर्षं बरण्या हाताळलेली बाईसुद्धा तो आधी स्पिरिटने पुसून घ्यायची. शिकवणारा कप्तान गाडीच्या किल्लीने कान कोरायचा आणि तीच किल्ली नकाशावर टेकवून "इथून डावीकडे" म्हणायचा. तिने निमूटपणे सगळं चालवून घेतलं. कारण ज्या सकाळी कप्तान धावपट्टीच्या कडेला उतरला आणि म्हणाला, "जा, एक चक्कर मारून या एकट्या," त्या सकाळी ती खरोखर एकटी वर गेली होती आणि खरोखर एकटी खाली आली होती.

आता राहिलं होतं शेवटचं मोठं उड्डाण. दीडशे मैल एकटीने जायचं, वाटेत दोन अनोळखी धावपट्ट्यांवर उतरायचं आणि परत यायचं. त्याशिवाय लायसन नाही. पहिल्या वेळी ढग आले. दुसऱ्या वेळी रेडिओ मुका झाला. तिसऱ्या वेळी तर विमानाचं एक चाकच काढून ठेवलेलं होतं. इकडे पास झालेल्या लेखी परीक्षेची मुदत महिनाअखेर संपत होती. ती संपली की पाचही पेपर पुन्हा द्यायचे.

"मॅडम, चाकाचा पार्ट यायला तीन आठवडे लागतील," कप्तान म्हणाला. त्याने तिची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, पुढे ओढली आणि बोलता बोलता एक ओळ भरली. तारीख, विमानाचा नंबर, दोन धावपट्ट्या, तीन तास दहा मिनिटं. "करा सही. उड्डाणं काय, पुढे जन्मभर करायचीच आहेत."

"अहो, पण मी गेलेच नाही!"

"कोण जातं? इथे सगळ्यांचं असंच होतं. तुमच्याआधी पंधरा जणांचं केलंय. एकाने तरी तक्रार केली?"

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "सगळे करतात तर तूच काय मोठी सोवळी लागून गेलीस? दोन वर्षं घालवलीस ना? कर सही आणि सुट." दुसऱ्या दिवशी तिने सही केली. पेन खाली ठेवलं. क्लबच्या मोरीवर जाऊन तिने तीनदा साबण लावून हात धुतले.

बाकी सगळं रीतसर झालं. कागद मुदतीत पुढे गेले, आणि चाक बसल्यावर परीक्षक तिच्याशेजारी बसून वर गेला, त्याने तिला वळवलं, इंजिन बंद पडल्याचं सोंग करून शेतात उतरायची तयारी करायला लावलं, आणि खूश होऊन पास केलं. लायसन घरी आलं. नवरा ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत सुटला. प्रयोगशाळेतल्या मुलींनी केक कापला. सुईताई हसली, दोन घास खाल्ले, आणि घरी जाऊन ओकली. लेक पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवढी काय एक्साइट होतेस, आई?"

रविवारी लेकीला घेऊन ती क्लबवर गेली. बेत त्याच दोन धावपट्ट्यांचा होता. तिनेच तो ठरवला होता. मनात हिशोब असा की आज जाऊन आलो की ती ओळ खरी होईल, निदान खोटी तरी वाटणार नाही. किती सोयीचा विचार! शेजारी आपलंच पोर बसणार आहे, एवढी साधी गोष्ट त्या हिशोबात कुठेच नव्हती.

पोरगी कधीच आत बसून पट्टा बांधून मोकळी झाली होती. दार उघडंच होतं. पंखाखाली मेकॅनिक तपासणीचा कागद घेऊन उभा होता. कागदावर सगळ्या खुणा आधीच झालेल्या, खाली सही. सुईताई तरीही वाकली. टाकीच्या खालच्या तोटीतून तिने नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि नळी उजेडात धरली. वर निळसर पेट्रोल आणि तळाशी बोटभर बिनरंगी थर. पाणी!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय आहे? पाणी आहे टाकीत! आणि इथे 'इंधन तपासलं' म्हणून सही ठोकलीस? न बघता? इंजिन वर बंद पडलं असतं म्हणजे? लाज कशी वाटत नाही रे तुला? माझी पोर बसलीय आत!"

मेकॅनिकने कागदाची घडी घातली. तो चिडलाही नाही.

"ताई, मला कशाला बोलता? तुमचे ते तीन तास दहा मिनिटं विमानाच्या रजिस्टरात मीच चढवले. त्या दिवशी या विमानाचं चाक माझ्या टेबलावर पडलं होतं. तेव्हा नाही काही बोललात."

सुईताईच्या हातातली नळी तशीच उजेडात धरलेली राहिली. दारातून लेकीचं डोकं बाहेर आलं.

"आई, काय म्हणतायत ते? कुठले तीन तास?"

काही नाही, उगाच बरळतोय, एवढं म्हणायची खोटी होती. पोरीने डोळे झाकून विश्वास ठेवला असता. मेकॅनिकही तोंड फिरवून तेच वाक्य येण्याची वाट बघत होता.

"ते खरं बोलतायत," सुईताई म्हणाली. "इतक्या लांब मी एकटी कधी गेलेच नाही. वहीत गेले म्हणून लिहिलंय. खाली सही माझी आहे."

पोरीने पट्टा सोडला. ती खाली उतरली आणि आईपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडावरची शिसारी ओळखायला सुईताईला कुणाची मदत नको होती.

"आणि तू मला यात बसवणार होतीस?"

सुईताईने नळी मेकॅनिकच्या हातात दिली. "टाकी पूर्ण रिकामी कर. मी समोर उभी राहून बघणार आहे," ती म्हणाली. मग आपली लॉगबुक मागून ती खोटी ओळ खोडायला ती ऑफिसकडे चालू लागली. लेक तिच्यामागे गेली नाही.