चिठ्ठीवर ठिकाण नसलेला वाणी

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी वाकडच्या चौकात बसची वाट पाहत उभा होतो. सहलीचा उत्साह वगैरे काही नव्हता. आदल्या सोमवारी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले होते, कारण वंदनाबाईंनी वाणीची नवी जात शोधली होती. वाणी म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर चढणारा, बोट लावलं की वेटोळं करून पडणारा असंख्य पायांचा किडा. आम्ही दोघं एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि त्या माझ्यानंतर आठ वर्षांनी नोकरीला लागल्या. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि पुढचे चार दिवस माझ्या पोटात दुखत होतं. पेढा चांगला होता.

“सर, चाकणजवळच्या ज्या रानात तो सापडला, ते बघायला येता का?” त्यांनीच विचारलं. मी लगेच हो म्हटलं, कारण त्यांनी दाखवलेल्या फोटोतला वाणी माझ्या ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी त्याच रानातून मी एक आणला होता. नीट तपासू तपासू म्हणता तो स्पिरिटच्या बाटलीत माझ्या कपाटातच राहिला. आता ती बाटली माझ्या झोळीत होती. रानात पोचल्यावर ती काढायची आणि सहज म्हणायचं, ‘अहो, हा तर मला तेव्हाच सापडला होता.’ हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

भोसरीच्या पुढे आमची बस नव्या मोटारी लादलेल्या ट्रेलरमागे अडकली. त्या अर्ध्या तासात वंदनाबाईंनी शेजारच्या बाईंचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी सगळं जाणून घेतलं. माणसं त्यांच्याशी लगेच बोलतात. हेही मला खुपतं.

चाकणला कांदाबाजाराजवळ उतरून आम्ही गरम भजी घेतली. हॉटेलवाल्याने विचारलं, “कंच्या कंपनीत जायचं?”

“कंपनीत नाही, वाकडहून वाणी बघायला आलोय,” वंदनाबाई म्हणाल्या.

“वाकडवरनं? राव, आमच्या मोरीत या, शंभर दाखवतो!”

त्या खळखळून हसल्या. मला नाही हसू आलं. भज्याने जीभ भाजली होती.

महाळुंग्याच्या पुढे रिक्षा सोडली. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, पहिल्या शिफ्टला सोडून उभ्या असलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, आणि एका भिंतीला लागूनच टेकडीच्या पोटाशी ती देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान). आत शिरलं की यंत्रांची घरघर एकदम लांब जाते. देवराईची राखण कोंडाबाई करतात. सत्तरीच्या असतील. त्यांनी आम्हाला चपला काढायला लावल्या आणि वंदनाबाईंच्या तोंडावरून मायेने हात फिरवला.

कुजलेला पाला बाजूला सारताच वाणी दिसला. बोटाच्या दोन पेरांएवढा, चपट्या पाठीचा, कडांना हळदीच्या रंगाचे ठिपके. वंदनाबाईंनी तो तळहातावर घेतला, तसा कडू बदामासारखा वास आला. नराच्या सातव्या वळ्याशी पायांऐवजी बारीक आकडे असतात. त्या आकड्यांच्या घडणीवरून जात ठरते. या जातीत आकड्यांना तीन फाटे आहेत, हे वंदनाबाईंनी भिंगातून मला दाखवलं. माझ्या विद्यार्थ्यासारखं मला ते निमूट पाहावं लागलं.

“म्याडम तीन पावसाळं नुसत्या बघत बसल्या,” कोंडाबाई मला सांगू लागल्या. “मग देवाला फूल चिकटवून कौल लावला. उजवं पडलं, तवा कुठं दोन किडं नेलं. हितलं पानबी न्यायचं न्हाई. आन् बारा वर्सांमागं येक मानूस न इचारता डबीत किडा घालून पळाला! तवापासनं जाताना समद्यांनी पिशवी झाडायची.”

मी झोळी खांद्यावरून काखेत घेतली. बाटली काढायचा विचार मी तिथेच सोडला. पण निघताना सीमेवरच्या दगडापाशी कोंडाबाई उभ्याच होत्या. झोळी झाडावी लागली. चष्म्याचं घर पडलं, रुमाल पडला आणि बाटलीही पडली.

“ह्यो हितला हाय,” कोंडाबाई म्हणाल्या.

वंदनाबाईंनी बाटली उजेडात धरली, आतली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी वाचली. “नर आहे. तारीख आहे. सर, ठिकाण नाही लिहिलेलं. ते असतं तर हाच पहिला नमुना ठरला असता.”

दरवर्षी मी पोरांना सांगतो, ठिकाण नसलेला नमुना म्हणजे नुसता मेलेला किडा. घरून आणलाय म्हणालो असतो, तर चोरी लपली असती. पण मग तो पहिला माझा होता, हे कुणालाच कधी कळलं नसतं. ते मला सहन होईना.

“इथलाच आहे,” मी म्हणालो. “तो पळालेला माणूस मीच.”

कोंडाबाई मला नखशिखान्त न्याहाळत राहिल्या. “मग ठिवा त्याच्या जाग्याव.”

वंदनाबाई मध्ये काही बोलणार होत्या, मी हातानेच थांबवलं. परत आत गेलो, पाला उकरला आणि बाटली उपडी केली. माझा एवढा एकच पुरावा होता.

परतीच्या बसमध्ये रिकामी बाटली मांडीवर होती. चाकण मागे पडल्यावर वंदनाबाईंनी विचारलं, “सर, तुमच्यासारखा माणूस ठिकाण लिहायला विसरला कसा?”

“विसरलो नाही. तुम्ही तेव्हा नव्या होतात. दर रविवारी वही घेऊन हिंडायचात. माझ्या कपाटाला कुलूप नव्हतं. तुम्हाला जागा कळू नये म्हणून लिहिलं नाही.”

नाशिक फाट्याला त्यांनी खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाल्या, “आणि मी बारा वर्षं समजत होते, की तुमच्या लेखी मी नाहीच.”

वाकडला उतरल्यावर त्यांनी ‘आता माझ्या कपाटात ठेवते’ म्हणत बाटली मागितली, मी दिली. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं मी तो एकटाच सांभाळत होतो, आता तो आम्हा दोघांना माहीत आहे.