कोरड्या चामड्याचा डोल

वाशिमला मी फोटोचं दुकान थाटलं तेव्हा गावात वीज आली नव्हती, पण माझ्या अंगावर कोट आला होता. पुण्यात एका फोटोवाल्याच्या हाताखाली दोन वर्षं काढली होती. आपण रिठदच्या माळ्याचे चिरंजीव आहोत हे गिऱ्हाइकांना कळू नये, यासाठी माझा कोण आटापिटा चालायचा! बोलणंसुद्धा पुस्तकी केलं होतं.

अकोल्याच्या एका बियाणेवाल्याला सूचीपत्रासाठी वांग्यांचा फोटो हवा होता. पांढऱ्या कापडावर वांगी, शेजारी बियांचा ढीग, आणि उजेड थेट वरून, म्हणजे लांब सावल्या पडणार नाहीत. आता गॅसबत्ती वर टांगायची कशावर? कॅमेऱ्याची तिपाई लेचीपेची. सुतारानं दिलेला खांब नुसत्या चालण्यानं डुगडुगायचा. शेवटी धान्य उपणताना ज्यावर चढतात ती उंच तिवई आणली. तिचे पाय चांगले फाकलेले होते. तिच्यावर आडवा बांबू बांधला, वर-खाली करता येईल असा. पुढच्या टोकाला बत्ती, मागच्या टोकाला तिला तोलून धरायला वजन. वाळूचं पोतं लावलं असतं तर भागलं असतं. पण पाणी थोडं थोडं ओतून तोल नेमका साधता येतो, म्हणून मी चामड्याचा डोल टांगला. ही अक्कल माझीच.

वांगी घेऊन अनसिंगचे एक माळी आले, माझ्या वडिलांच्या वयाचे. बी त्यांच्या आजोबांपासून जपलेलं. फोटो सूचीत आला की बियाणेवाला दरसाल त्यांचंच बी घेणार होता. खरं तर मूठभर बी पुरलं असतं. ढीग भरदार दिसावा म्हणून घरात असेल तेवढं आणा, असा निरोप मीच धाडला होता.

त्यांनी डोलाकडे पाहिलं. "सायेब, हा डोल लय दिवसाचा कोरडा हाय. चामडं फुगेपर्यंत शिवनीतून पानी गळते. रातभर भिजू द्या त्याले, नाई तं गोटा बांधा."

हे मला का ठाऊक नव्हतं? मोट जुंपायच्या आधी ती भिजत घालायचं काम लहानपणी माझ्याकडेच होतं. पण बियाणेवाला शेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"हे फोटोचं काम आहे, मोटेचं नाही," मी म्हणालो. त्यांनी गाठोडं सोडून कापडावर बियांचा ढीग रचला.

डोलात पाणी ओतून मी तोल साधला आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं. मागे टपटप चालू होती. ती मला ऐकू येत होती, हे आज कबूल करतो. उठलो असतो तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. डोल हलका झाला, बांबू कलंडला आणि पेटती बत्ती बियांवर येऊन आदळली. काच फुटली, घासलेट सांडलं, कापडानं पेट घेतला. माळ्यांनी डोक्याचं मुंडासं काढून आग झोडपून विझवली. बी जळून गेलं होतं, आणि उरलेलं घासलेटात भिजलं होतं.

"कसं पडलं?" बियाणेवाल्यानं विचारलं.

"यांचा धक्का लागला तिवईला," मी म्हणालो.

माळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "लागला असन. मले समजलं नाई." बियाणेवाला त्यांना नाही नाही ते बोलला. मी काचा वेचत राहिलो.

पंधरा दिवसांनी घरी गेलो. जेवताना वडील म्हणाले, "अनसिंगचा एक मानूस येऊन गेला. त्याचं सारं बी जयलं म्हने. आपल्यातलं देल्लं त्याले." बी गेलेल्या माळ्याला दुसऱ्या माळ्यानं नाही म्हणायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे.

"जयलं कायनं?" आईनं विचारलं.

"वाशिमले, कोन्या फोटोवाल्याकडं. म्हने माह्याच धक्क्यानं बत्ती पडली. लाजून राह्यला होता बिचारा, मान वर करेना." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या दुकानात तं नाई ना झालं?"

"नाई," मी म्हणालो.

आईनं ताटात आणखी एक भाकर टाकली आणि मी ती खाल्ली.