बाळाच्या दुधावर सगळ्यांचं मत

घरात बाळ आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते चपला काढून स्वतःच आत येतात! माझ्या नातीला, वैदेहीला, मुलगा झाला. वजनानं जरा कमी. घरी सोडताना नर्सनं बजावलं, "सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको." सोपी गोष्ट. पण आम्ही तंजावूरचे, राजवाड्यामागच्या गल्लीतले. इथं सोपं कुणाला चालतं?

*

सुरुवात हॉस्पिटलातच झाली. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वैदेहीचं पहिलं पिवळं, घट्ट दूध पिळून टाकायला लावलं. "साठलेलं आहे, बाधेल!"

नर्स धावत आली. "आजी, ती बाळाची पहिली लस!"

"लस सरकार देतंय की," अक्का म्हणाली.

रोगाशी झगडणारे ते चार थेंब फडक्यात गेले. मी नुसता धुमसत राहिलो.

*

इकडं एक रीत आहे, सेनै. चांगल्या स्वभावाच्या माणसानं तान्ह्याच्या जिभेवर साखरपाणी लावायचं, म्हणजे ते त्याच्यासारखं होतं. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर बोट धुऊन हजर!

मी म्हणालो, "सर, नर्सनं... सांगितलंय..." माझं बोलणं मुळात सावकाश. वाक्य पुरं होईतो बोट तोंडात जाऊन आलं!

"आता बघा, माझ्यासारखा शांत होईल," सर म्हणाले.

बाळ तासभर किंचाळलं. वैदेही म्हणाली, "आजोबा, सरांवरच गेलाय!"

*

बाळ रडलं की निदान ठरलेलं, "दूध पुरत नाही!" अहो, पोट ते केवढं? लवकर भरणार, लवकर रिकामं होणार. पण वैदेहीच्या सासूबाई कुंभकोणमहून पावडरचा डबा घेऊन आल्या. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो.

मी विचारलं, "ह्या बाळानं हीच पावडर घेतली?"

"मग? उगाच फोटो छापतील?"

बाटली सुरू झाली. बाळ अंगावर कमी ओढू लागलं, आणि ओढणं कमी झालं की दूधही आटतं. वैदेही रडत विचारायची, "आजोबा, मला खरंच दूध नाही?" काय सांगू तिला? माझ्या लेकराचं दूध ह्या लोकांनी आटवलं होतं!

*

त्यात अक्काचं पथ्य. डाळ नको, भाजी नको, पाणी बेतानं. बाळाचं हाडमांस जिच्या दुधावर वाढायचं, तिला मूठभर भात आणि लसूण! मी वरणाची वाटी लपवून नेली. अक्कानं दारातच पकडलं.

"बाळंतीण तू आहेस?"

"नाही."

"मग गप बस!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

*

आणि मग एका सकाळी गल्लीत आरोळी आली, "कळुदै पाल!" गाढविणीचं दूध. तान्ह्याला पाजलं की सर्दी होत नाही, आवाज खुलतो म्हणे. अक्का बोंडलं घेऊन धावली. मी दार अडवलं. जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "नाही पाजायचं!" अक्का बाजूनं निघून गेली.

विकणारी तरुण बाई होती. तिनं गाढवीण आमच्या खांबाला बांधली, तोच तिच्या झोळीतलं तान्हं रडू लागलं. ती ओट्यावर टेकली, पदराआड घेऊन त्याला पाजू लागली.

अक्का ताटकळली. "अगं, तुझ्या पोराला का नाही देत हे दूध?"

बाई हसली. "त्याला कशाला, आजी? त्याची आई आहे की!"

आत आमचं बाळ रडत होतं. अक्का बोंडलं धरून तशीच उभी. मग घराकडे वळून कडाडली, "वैदेही! ऐकू येत नाही का? घे त्याला जवळ!"