आठ दिवसांचा तक्ता आणि शर्यतीचा कॅमशाफ्ट

सरकारी कागदावर मी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नाही. लिहिलं ते मिस्त्रींनी दिलेल्या वहीच्या पानावर, पेन्सिलीनं, आणि तेही स्वतःच्याच मोटारीविषयी. 'वेग' या रकान्यात 'दहा' लिहायचं तिथे 'साठ' लिहिलं. चूक एवढीशीच. पण आजही कुठे कच्च्या पेट्रोलचा वास आला की मला ते पान आठवतं.

ग्वाल्हेरची रियासत जाऊन मध्यभारत झाला होता, आणि आता मध्यभारतही गुंडाळून कारभार भोपाळला जायचा होता. जहागिरी गेल्या तशा सरदारांच्या मोटारीही एकेक करून बाहेर पडत होत्या. त्यातली एक माझ्या पदरात पडली : दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची विलायती शर्यतीची गाडी. धूर इतका ओकायची की दुसरं कुणी घेईना. माझे वडील दरबारात कारकून होते. ही गाडी समोरून आली की ते सायकलवरून उतरून बाजूला उभे राहत. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभा राहून धूळ खाल्ली आहे. म्हणून गाडी मला हवी होती, असं मी तेव्हा म्हणायचो. आता म्हणतो, दुसऱ्यांना धूळ खाऊ घालायची होती. ओंगळच हौस ती.

इंजिन उघडलं तेव्हा मिस्त्रींनी कॅमशाफ्ट काढून माझ्या हातात दिला. दरबारच्या गॅरेजात हयात गेलेला माणूस. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला लोखंडी दांडा. तो फिरतो तशा इंजिनाच्या झडपा उघडतात नि मिटतात. आमच्या दांड्यावरचे उंचवटे झिजून सपाट झाले होते.

"नाक घिस गई है इसकी," मिस्त्री म्हणाले. "नया लगेगा. बंबई से तीन तरह का आता है. एक जैसा कंपनी ने दिया था. एक थोड़ा तेज़. और एक रेस वाला."

"रेसवाला," मी बोलून मोकळा झालो.

मिस्त्रींनी बिडी कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. म्हणाले, रेसचा दांडा झडपा फार वेळ उघड्या ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तर वाघ. हळू फिरलं की त्याला श्वासच घेता येत नाही, खोकतं नि मरतं. मग त्यांनी वहीचं पान फाडून रकाने आखले : कुठे गेलो, किती वेगानं, सोबत कोण. "इंजन अभी जोड़ देता हूँ, धुआँ देगा, चलेगा. आठ दिन भरो, भाऊसाहब. फिर बताता हूँ कौन सा डालें."

आता खरे आठ दिवस सांगतो. घर ते बांधकाम खात्याची कचेरी, जिथे मी नकाशे काढायचो. कचेरी ते भाजीबाजार. एकदा मुरारला मावशीकडे, मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन बायको शेजारी. एकदा पिठाची गिरणी. हे लिहायला बसलो आणि माझा हात चालेना. 'गिरणी, ताशी दहा मैल' असं त्या गाडीच्या नावावर लिहायचं? मी लिहिलं : आग्रा रोड, साठ. आग्रा रोड, पासष्ट. 'सोबत कोण' मध्ये : कुणी नाही.

मिस्त्रींनी पान दोनदा वाचलं. "इसमें बाज़ार लिखा ही नहीं. घर में सब्ज़ी कौन लाता है?"

"टांगेवाला."

"ठीक है," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पानाची घडी घातली.

रेसचा दांडा बसला. अंगणात इंजिन सुरू केलं की ते लंगड्या घोड्यासारखं दणदण करी आणि गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत. मी खूष. मिस्त्री निघताना एवढंच म्हणाले, "बाज़ार में रोएगी ये."

तो आठवडा बायकोच्या जिवाला घोर लावणारा होता. ती कन्याशाळेत नऊ वर्षं शिकवत होती, रियासतीच्या काळापासून. नव्या राज्यासाठी सगळ्या मास्तरणींची ज्येष्ठतेची यादी होत होती. नेमणुकीचा मूळ हुकूम घेऊन स्वतः इंदरगंजच्या कचेरीत हजर व्हायचं, शेवटच्या दिवशी बाराच्या आत. नाहीतर नऊ वर्षं पुसून नोकरी कालपासून धरणार.

"मी टांगा करते," ती म्हणाली. "जिला मी खडू धरायला शिकवलं तिच्या हाताखाली जायची माझी तयारी नाही."

"अगं, सात मिनिटांचं काम. टांगा काय करतेस!"

शेवटच्या दिवशी फाईल छातीशी धरून ती गाडीत बसली. आमच्या घरापासून इंदरगंजला जायला सराफ्यातून जायचं काहीच कारण नव्हतं. पण दिवाळी तोंडावर, सराफ्यात आमचं अख्खं लष्कर शहर लोटलेलं, आणि मला चारचौघांना दिसायचं होतं. बाड्याच्या चौकातून वळलो आणि थेट एका म्हशीच्या मागे लागलो. पुढे म्हैस, बाजूला टांगे, मागे हातगाडी. इंजिन हिसके देऊ लागलं. मग खोकलं. कार्बुरेटरमधून असा बार निघाला की टांग्याचा घोडा दोन पायांवर उभा राहिला, आणि गाडी मेली.

स्टार्टर दाबला, दाबला. तो कण्हून गप्प झाला. प्लग ओले. पेट्रोलचा वास कपड्यांत, तोंडात, बायकोच्या फाईलवर. एका पेढीवरून आवाज आला, "क्यों भाऊसाहब, रियासत तो गई, अब सवारी भी गई?" सगळा सराफा हसला. मी हँडल मारत होतो. धोतराला वंगण, कपाळावर घाम, आणि मनात भलतंच : वडील इथे असते तर सायकलवरून उतरले असते का?

"किती वाजले?" बायकोनं विचारलं.

"होतंय, एक मिनिट—"

"किती वाजले ते विचारलं मी."

"साडेअकरा झाले."

ती उतरली. फाईल पदराखाली घेतली आणि त्या गर्दीतून सरळ चालत गेली. मागे वळून बघितलंही नाही.

प्लग काढून पुसले, गाडी ढकलायला चार जण लावले, तेव्हा ती पेटली. मग मेली तर पुन्हा पेटणार नाही या भीतीनं मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. किंचाळणारं इंजिन, जळक्या क्लचची घाण, आणि मी, असे इंदरगंजला पोचलो. कचेरीच्या दारात उभा राहून इंजिन गर्जत ठेवलं. बंद करायची छाती नव्हती.

आतून चपरासी धावत आला. "साहब पूछ रहे हैं ये हवाई जहाज़ किसका है! अंदर मास्टरनी बाई का जवाब सुनाई नहीं दे रहा. बारह बजने को हैं!"

आत नऊ वर्षांचा हिशेब चालला होता आणि बाहेरून मी तो बुडवत होतो. किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. त्या शांततेत उघड्या खिडकीतून बायकोचा आवाज स्पष्ट ऐकू आला, वर्गात असतो तसा : नेमणुकीची तारीख, शाळा, इयत्ता, एकामागून एक. मग शिक्का आपटल्याचा आवाज. मग बाराचे टोले.

ती शिक्क्याची पावती घेऊन बाहेर आली. गाडी अर्थात सुरू झाली नाही. बैल जोडून ती मिस्त्रींकडे रवाना केली आणि आम्ही टांग्यात बसलो. मी तिला तक्त्याचं सगळं सांगून टाकलं : आग्रा रोड, साठ मैल, सोबत कुणी नाही.

ती पावतीची घडी उलगडून पुन्हा वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मिस्त्रींकडून कोरा तक्ता आणा. ह्या वेळी मी भरते. फक्त एक विचारून या, वेगाच्या रकान्यात 'म्हशीच्या मागे' लिहिलं तर चालतं, का आकडाच लागतो?"