खालापूरचे थोरले फिडल

पुण्याहून कर्जतला व्हायोलिन आणायला निघालो आहोत, असे सांगितल्यावर शेजाऱ्यांनी "कर्जतला?" म्हणून विचारले. महाबळेश्वराला मीठ आणायला निघालेल्या माणसाला विचारावे, तशा सुरात. प्रश्न रास्त होता. कर्जत प्रसिद्ध आहे ते इंजिनांसाठी; घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन तिथे जोडतात. वाद्यांसाठी त्याचे नाव मीही ऐकले नव्हते. पण मुंबईच्या नावाजलेल्या दुकानांची किमतीची सचित्र पत्रके वाचल्यापासून नावाजलेल्या जागांवरची माझी श्रद्धा कमी झाली होती.

निकड अक्काची होती. अक्का माझी थोरली बहीण, वय बेचाळीस. दोन वर्षे ती आमच्या पेठेतल्या संध्याकाळच्या वर्गात व्हायोलिन शिकते, तेही उसन्या वाद्यावर. त्याच्या मालकांची नागपूरला बदली झाली होती आणि महिनाअखेर त्यांच्याबरोबर वाद्यही जाणार होते. वर्गाचे मास्तर नियमाचे पक्के. ज्याच्याकडे स्वतःचे वाद्य नाही त्याने बसून ऐकावे, शिकायचे नाव काढू नये.

"दोन वर्षं शिकून आता श्रोता होऊ का रे?" असे अक्काने विचारले, तेव्हा वर्गाचा चिटणीस म्हणून मला हलणे भाग पडले. आणखी दोन विद्यार्थिनींनीही आपल्यासाठी वाद्ये आणायला सांगितली. कर्जतच्या एका वकिलांकडे विकाऊ व्हायोलिन आहे, एवढा धागा धरून आम्ही संक्रांतीनंतरच्या सोमवारी गाडीत बसलो.

खंडाळ्याला अक्काने शाल डोक्यावरून घेतली होती. बोगद्यामागून बोगदे गेले, उजेड-अंधाराचा खेळ संपला, आणि कर्जतला उतरेपर्यंत शाल घडी होऊन पिशवीत गेली होती.

वकिलांना सारे गाव दादासाहेब म्हणते. त्यांच्या दिवाणखान्यात वाघाचे कातडे होते, कलेक्टरांबरोबरची तसबीर होती (तीत कलेक्टर स्पष्ट आले आहेत), आणि या दोहोंच्या मध्ये काचेच्या कपाटात व्हायोलिन. दादासाहेबांनी ते दोन्ही हातांनी बाहेर काढले.

"आत चिठ्ठी आहे, वाचा. इटलीतल्या जगद्विख्यात कारागिराचं नाव! दोनशे वर्षांपूर्वीचं."

अक्काने वाद्याच्या छिद्राला डोळा लावला. "नाव आहे खरं. पण खाली बारीक अक्षरांत 'जर्मनीत तयार' असंही आहे."

"फिरतीवर असेल तो," दादासाहेब तिळमात्र न डगमगता म्हणाले.

"वाजवून पाहू?"

"छे, छे! हे वाजवायचं वाद्य नव्हे, बाई."

किंमत ऐकून मी निमूटपणे चहा संपवला. आमचे चेहरे पाहून दादासाहेबांना गंमत वाटली असावी. "स्वस्तच हवं तर खालापूरकडे जा," ते म्हणाले. "धोंडू मेस्तरी म्हणून सुतार आहे. दारं-खिडक्या करता करता फिडलं करतो. तार लावली की तुटते!" ते मोठ्याने हसले. त्यांच्या कारकुनाने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग तोही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बैलगाडी केली. भात केव्हाच झोडून झाले होते. पेंढ्याच्या उडव्या शेताशेतांत उभ्या होत्या आणि कापल्या धसांतून वालाचे हिरवे वेल वर आले होते. डावीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले बराच वेळ सोबत करीत होते. मग ते मागे राहिले आणि पुढे इरशाळचा सुळका दिसू लागला. त्याच्या नेढ्यातून (कड्याला आरपार पडलेले भोक) आभाळाचा ठिपका दिसतो, असे गाडीवान म्हणाला. मला दिसला नाही. अक्काला दिसला.

"धोंडूकडं कशापायी चाललाव?" गाडीवानाने विचारले.

"फिडल घ्यायला."

तो थोडा वेळ बैलांशीच बोलला. मग म्हणाला, "दार घ्या त्याच्याकडचं. दार झ्याक हाय."

धोंडू मेस्तरीच्या पडवीत आढ्याला लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी सहा फिडले. पन्नाशीचा, किडकिडीत, डोळ्यांनी मोजमाप घेणारा माणूस. त्याने एक फिडल काढून धोतराच्या सोग्याने पुसले. शिवणीचे फिकट लाकूड, शिसवी खुंट्या, कडेने केसाएवढी काळी रेघ. गजाला माथेरानच्या तट्टांच्या शेपटीचे केस. मी खोट काढायच्या तयारीने पाहत होतो. काढता आली नाही. फक्त वाद्य जरा ऐसपैस वाटले. पण अक्का उंच आहे. तिच्या लग्नाच्या वेळी हा दोष धरला गेला होता. इथे तो कामी आला. फिडल तिच्या खांद्यावर नीट बसले.

तिने मास्तरांनी वर्गाची पट्टी कळावी म्हणून दिलेली सुराची शिट्टी फुंकली आणि खुंटी पिळू लागली. सूर चढत गेला, जवळ आला, आणि टण्णकन तार तुटली.

"तुटली!" आतून धोंडूची बायको मंजुळा बाहेर आली. "सात वरसं ह्योच आवाज ऐकते मी, बाई. म्हनलं, पाळणं करा, पाळणं खपत्यात. पाळण्याची कवा तार तुटत नाय."

"गप गं," धोंडू म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

त्याच्याकडे सुटी बारीक तार एकच उरली होती. ती लावली, तीही तुटली. अक्का ओट्यावर बसली आणि हातातल्या गजाकडे पाहत राहिली. महिना संपायला बारा दिवस होते.

"ऱ्हाऊ द्या, बाई," धोंडू म्हणाला. "माजं लाकूडच वाईट."

मंजुळाबाईंचे तोंड तिखट, पण हात सढळ होता. परसात त्यांनी पोपटी लावली होती (वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून वरून जाळ करतात). मडके फोडल्यावर जो वास सुटला, त्यापुढे निराशा टिकवणे अवघड होते. शेंगा सोलता सोलता मी सहज विचारले, "मेस्तरी, नमुना कुठला धरलात?"

त्याने पेटीतून तपकिरी कागद आणला. त्यावर पेन्सिलीने फिडलाची बाहेरली रेघ उतरवलेली.

"खोपोलीच्या वीजघरातल्या सायबानं दुरुस्तीला दिलं व्हतं. दोन व्हती त्याच्याकडं. एक बारकं, एक थोरलं. मी म्हनलं, बारकं हाय ते पोरांचं. आपुन थोरलं उतरवू."

ती मुंबईची पत्रके मी इतक्या वेळा आणि इतक्या संतापाने वाचली होती की त्यांतली चित्रे मला पाठ होती. व्हायोलिनच्या शेजारी हुबेहूब तसेच, पण आकाराने मोठे आणि आवाजाने खर्जाकडचे एक वाद्य असे. साहेब त्याला व्हायोला म्हणतात.

"मेस्तरी, ते बारकंच खरं फिडल. हे थोरलं निराळं वाद्य. त्याला एवढं वर चढवायचं नसतं, म्हणून तार तुटते."

धोंडूच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हंजी मी फिडल कदीच नाय केलं?"

"नाही," अक्का म्हणाली. "तुम्ही त्याचा थोरला भाऊ केलात. सहा वेळा."

ती उठली. शिट्टी तिने पिशवीत टाकली, उरलेल्या फिडलांपैकी तारा चढवलेले एक उतरवून घेतले आणि चारही खुंट्या सैल केल्या. मग स्वतःशी गुणगुणत, आपल्या गळ्याला सुखाचा वाटेल असा षड्ज धरून तिने तारा मिळवल्या. एकही कुरकुरली नाही. तिने गज ओढला.

आवाज मधाच्या रंगाचा होता. ती भूप वाजवू लागली, आणि थोड्या वेळाने वाजवता वाजवता गाऊही लागली. वर्गात मास्तरांच्या पट्टीपर्यंत गळा ताणताना तिची मान नेहमी शिरांनी भरलेली मी पाहिली आहे. आज ती मान मोकळी होती. शेजारच्या खळ्यावरच्या बायका सुपे घेऊन तशाच कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आता मानसावानी बोललं गं बाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

 धोंडूने पुढे होऊन वाद्याच्या पाठीवर तळवा टेकवला आणि गत संपेपर्यंत तसाच ठेवला. मग एवढेच म्हणाला, "लाकूड वाईट नव्हतं."

किमतीवर घासाघीस झाली, पण उलटी. तो दाराच्या किमतीपेक्षा जास्त घेईना, अक्का दाराएवढे कमी देईना. अखेर मंजुळाबाईंनी मध्ये पडून आकडा ठरवला आणि तो दोघांना ऐकावा लागला. गोधडीत गुंडाळलेली तीन वाद्ये मांडीवर घेऊन आम्ही घाट चढलो.

वर्गात मास्तरांनी आपल्या व्हायोलिनवर षड्ज दिला. अक्काचा खाली लागला.

"हे पट्टीत नाही," मास्तर म्हणाले.

"आहे, मास्तर. माझ्या पट्टीत आहे," अक्का म्हणाली, आणि वाजवू लागली.

मास्तर नियमाचे पक्के, पण कानाचे त्याहून पक्के निघाले. गत संपली तेव्हा त्यांनी मान खाली घालून आपल्या व्हायोलिनच्या खुंट्या एकेक करून उतरवल्या, तिच्या षड्जाला मिळवल्या आणि म्हणाले, "हं, पुन्हा."

मी पुष्कळ हिंडलो आहे आणि मुख्यतः कंटाळा घेऊन परतलो आहे. या खेपेस मात्र घरी वाद्य आले. अक्का रोज पहाटे त्यावर रियाज करते. शेजारी तक्रार करतात, पण हल्ली तेही खालच्या पट्टीत.