समोरच्या खुर्चीतलं अस्वल

ती गोष्ट आठवली की अजूनही मला माझाच राग येतो. तपास लागला होता, कागदपत्रं नीट झाली होती, तरी येतो.

मी तेव्हा पनवेलच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना साठीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात स्वच्छ अक्षरातला अर्ज. कारखान्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, राहायला रोडपालीला. एसटी स्टँडवरून रिक्षाने घरी जाताना पासपोर्टची पिशवी चोरीला गेली, असं त्यांचं म्हणणं. संशय कोणावर, असं विचारल्यावर त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं.

"रिक्षावाल्यावरच येणार ना," ते म्हणाले.

गुन्हा दाखल केला. स्टँडच्या सीसीटीव्हीवरून रिक्षाचा नंबर मिळाला आणि दुपारपर्यंत चालक ठाण्यात हजर झाला. विचुंब्याचा, चाळिशीचा माणूस.

"पिशवी कुठे टाकलीस?"

"मी नाय घेतली, साहेब. उतरताना त्यांच्या हातातच होती."

तीन दिवस मी त्याला सकाळी बोलावून घ्यायचो आणि संध्याकाळी सोडायचो. हात लावला नाही. पण दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवणं हीसुद्धा शिक्षाच असते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "स्टँडवर आता माज्याशी कोनी बोलत नाय." मला वाटलं, आता कबूल करेल.

चौथ्या दिवशी आपट्याहून फोन आला. पाताळगंगा नदीत मासे धरणारा एक जण होता.

"साहेब, जाल्यात पिशवी गावली. आत पासपोर्ट हाय. पत्ता रोडपालीचा हाय."

हवालदाराला घेऊन गेलो, पंचनामा केला. जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला दोन घट्ट गाठी, आत पासपोर्ट आणि एक दगड. चोराला पासपोर्ट नको असेल तर तो गटारात भिरकावतो, दगड घालून गाठी मारत बसत नाही. पासपोर्टवर एकाच वर्षात चार वेळा थायलंडचे शिक्के होते. पानांमध्ये एक फोटोही निघाला. कुठल्याशा बारमध्ये रंगीत दिव्यांखाली हे गृहस्थ टेबलाशी बसलेले, आणि समोरच्या खुर्चीत माणसाएवढं कापडी अस्वल.

त्यांना बोलावून फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

"बाईची भानगड असेल तर मोकळेपणाने सांगा," मी म्हणालो. "आम्हाला ते नवीन नाही."

"लोक तेच समजतील," ते म्हणाले.

मग हळूहळू बोलू लागले. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती. पहिल्यांदा ते टूरबरोबर थायलंडला गेले. संध्याकाळी बाकीची मंडळी आपापल्या जोडीने फिरायला बाहेर पडली, तेव्हा हे एकटेच भटकत त्या बारमध्ये शिरले.

"तिथे एकट्या आलेल्या प्रवाशासमोर अस्वल बसवतात. दिसायला खुळचटपणा आहे. पण वेटर मला नावाने हाक मारायचा. माझा ग्लास ठेवला की अस्वलापुढेही पाणी ठेवायचा. एक बिअर घेऊन मी दोन तास बोलत बसायचो."

"काय बोलायचात?"

"दिवसभरात काय केलं ते. हिला सांगायचो तसं."

मुलगा कॅनडात. वडिलांनी तिकडे यावं म्हणून व्हिसाच्या कामासाठी त्याने पासपोर्ट मागितला होता. त्याला आजवर सांगितलं होतं, कोकणात फिरून आलो.

"शिक्के बघून तो विचारणार, बाबा, चार वेळा कशाला गेलात? बायकांसाठी गेलो नव्हतो, हे पटवायला अस्वलाचं सांगावं लागलं असतं. ते मला जास्त कठीण वाटलं. चोरीला गेला म्हटलं की नवा कोरा पासपोर्ट मिळतो, म्हणून पिशवी मीच नदीत टाकली."

"आणि रिक्षावाला?"

"तुम्ही संशय विचारलात, तोंडातून निघून गेलं. मग मागे घेण्याची हिंमत झाली नाही."

चोरीचा गुन्हा खोटा असल्याचा अहवाल कोर्टात पाठवला आणि खोट्या फिर्यादीबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. मुलाला फोन त्यांनी माझ्या खोलीतून केला. मी बाहेर उभा राहिलो. काचेतून दिसत होतं, बराच वेळ ते नुसतेच ऐकत होते. पुढच्या महिन्यात मुलगाच इकडे आला.

रिक्षावाल्याची माफी मागायला ते तयार होते. तो म्हणाला, "हितं नको, साहेब. स्टँडवर चला आनि सगल्यांच्या समोर सांगा."

आम्ही दोघं गेलो. ते बोलले. आपण खोटं बोललो होतो, हे सगळ्यांना सांगितलं. मग मी वर्दीत उभं राहून चूक माझीही असल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने रांगेतला एक जण त्याला म्हणाला, "आरे, नंबर तुजा लागलाय. भाडा घेतोस का नाय?" तो रिक्षात बसला आणि निघून गेला. आमच्याकडे त्याने पाहिलं नाही.

तीन दिवस मी एका माणसाच्या कपड्यांवर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याच्या शब्दावर ठेवला नाही. दोघांपैकी एकालाही घरचं साधं काही विचारलं नव्हतं. त्यानंतर कोणीही फिर्याद घेऊन आलं की मी आधी विचारायचो, घरी कोण कोण असतं? फॉर्मात त्याला रकाना नाही. बहुतेक जण भराभर नावं सांगतात. काही जण आधी खिडकीकडे बघतात. अशा माणसाचा जबाब मी हवालदाराकडे न देता स्वतः लिहून घ्यायचो, घाई न करता.